आऊटबोर्डचा कार्बोरेटर, घरच्या घरी : प्रस्तावना

१ जून ते ३१ जुलै हे दोन महिने आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला बंदी असते. आगोटीच्या आधीच होड्या वर ओढल्या जातात, झापांनी शाकारल्या जातात, जाळी माळ्यावर जातात आणि आऊटबोर्ड इंजिन दोघांच्या खांद्यावरून घरी येतं. पडवीत किंवा मांगरात लाकडी घोडीवर ते टांगलं जातं, वर गोणपाट पडतं, आणि मग नारळी पौर्णिमा जवळ येईपर्यंत त्याच्याकडे कोणी फारसं बघत नाही. या सगळ्या काळात कार्बोरेटरच्या वाटीत चार चमचे पेट्रोल तसंच राहिलेलं असतं. ऑगस्टात दोरी ओढून ओढून खांदे भरून येतात आणि इंजिन दाद देत नाही, तेव्हा दोष बहुतेक वेळा या चार चमच्यांचा असतो.

त्याच आठवड्यात बंदरातल्या मेकॅनिकच्या दारात इंजिनांची रांग लागते. काम अर्ध्या दिवसाचं, पण नंबर लागायला चार दिवस. मोसमाची सुरुवात, दर्या नुकता निवळलेला, शेजारच्या होड्या बाहेर पडलेल्या आणि आपली होडी वाळूत. ही पुस्तिका त्या रांगेत उभ्या असलेल्या माणसासाठी आहे. कार्बोरेटर उघडून साफ करणं हे घरच्या पडवीत, बेताच्या हत्यारांनी, दोन-तीन तासांत होणारं काम आहे, आणि ज्याच्या होडीला आऊटबोर्ड आहे त्या प्रत्येकाला ते यायला हवं, असं माझं ठाम मत आहे. पैसे वाचतात हे त्याचं सगळ्यात छोटं कारण. मोठी कारणं दोन. एक, मळ साचलेला कार्बोरेटर इंजिनाचा पिस्टन खाऊ शकतो. दुसरं, इंजिन नेमकं नको तिथे बंद पडू शकतं, आणि समुद्रात नको ती जागा कोणती हे किनाऱ्यावरच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

आऊटबोर्डचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण हे यंत्र आपल्याकडे इतकं का रुजलं ते त्यातून कळतं. नॉर्वेत जन्मलेले आणि अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात स्थायिक झालेले ओले एव्हिनरूड यांनी १९०९ साली दीड अश्वशक्तीचं, होडीच्या मागच्या फळीला अडकवायचं इंजिन विक्रीला आणलं. तशा खटपटी त्यांच्या आधीही झाल्या होत्या, पण धंदा म्हणून उभं राहिलं ते एव्हिनरूड यांचं इंजिन. यामाहाने आपलं पहिलं आऊटबोर्ड १९६० साली काढलं, सुझुकीने १९६५ साली. एव्हिनरूड हे नाव मात्र २०२० साली उत्पादनातून गेलं. आपल्या किनाऱ्याला हे यंत्र सोयीचं पडलं याला भूगोल कारण आहे. खाड्यांची तोंडं उथळ, वाळूचे दांडे दर पावसाळ्यात सरकणारे, आणि पुष्कळ गावांना धक्काच नाही. होडी थेट वाळूवर चढवायची. आऊटबोर्ड वर उचलून पंखा पाण्याबाहेर काढता येतो. ९.९ किंवा १५ अश्वशक्तीचं दोन-स्ट्रोक इंजिन पस्तीस-चाळीस किलोचं असतं, त्यामुळे रात्री ते घरी नेता येतं. छोट्या मच्छीमाराला हे परवडलं, आणि पुढे तारकर्ली-देवबागला डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या होड्यांनाही.

समुद्रापासून लांब असलेल्या गावांचाही या विषयाशी संबंध आहे. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा आणि पंचगंगेला पूर आला तेव्हा सांगली-कोल्हापूरच्या गल्ल्यांमधून माणसं काढायला आऊटबोर्ड लावलेल्या रबरी बोटी फिरत होत्या. अशी बोट एखाद्या नदीकाठच्या गावात कायमची ठेवली, तर तिचं इंजिन वर्षातले अकरा महिने एका खोलीत उभं राहणार आणि गरज पडेल त्या रात्री पहिल्या दोन-तीन ओढ्यांत सुरू व्हायला हवं. मासेमाराचं इंजिन निदान दहा महिने राबतं. पुराच्या बोटीचं इंजिन जवळजवळ पूर्ण वेळ पडूनच असतं, आणि कार्बोरेटर बिघडतो तो पडून राहिल्यानेच. ज्या ग्रामपंचायतीकडे अशी बोट आहे तिथल्या एका तरी माणसाने ही पानं वाचावीत.

आता मूळ वस्तूकडे येतो. कार्बोरेटरचं काम हवेत पेट्रोल मिसळण्याचं. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, आणि हे प्रमाण इंजिन संथ असो की पूर्ण रेसवर, बरंचसं जवळपास राखायचं असतं. तेही बॅटरी नसताना, कुठल्याही इलेक्ट्रॉनिक मेंदूशिवाय, लाटेवर उड्या मारत असताना. याची युक्ती अशी : हवेच्या नळीचा मध्यभाग अरुंद केलेला असतो. अरुंद जागेतून जाताना हवेचा वेग वाढतो आणि दाब उतरतो. इटलीच्या जोव्हानी बात्तिस्ता व्हेंतुरी यांनी १७९७ साली द्रवांच्या प्रवाहावर लिहिताना या अरुंदपणाचा अभ्यास मांडला, म्हणून त्या भागाला आजही व्हेंचुरी म्हणतात. दाब उतरला की खालच्या वाटीतलं पेट्रोल एका बारीक छिद्रातून वर खेचलं जातं आणि हवेत फवारलं जातं. फवारा मारणारा आणि वाटीत पेट्रोलची पातळी कायम राखणारा कार्बोरेटर हंगेरीत दोनात बांकी आणि यानोश चोंका यांनी आणि जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांनी १८९३ च्या सुमारास बनवला. तुमच्या पडवीतल्या इंजिनात मूळ तत्त्व तेच आहे.

वाटीतली पातळी राखायचं काम फ्लोट करतो. पेट्रोल चढलं की फ्लोट उचलला जातो आणि त्याच्यावर टेकलेली निमुळती सुई, म्हणजे नीडल व्हॉल्व्ह, वरचं तोंड बंद करते; पेट्रोल उतरलं की सुई खाली येते आणि तोंड उघडतं. वाटीतून वर जाणाऱ्या वाटा दोन. मोठी वाट मेन जेटची. इंजिन जोरात असताना ती कामाला येते. लहान वाट पायलट जेटची. ती संथ चालीची. मेन जेटचं छिद्र साधारण एका मिलिमीटरच्या आसपास, इंजिनानुसार कमीजास्त. पायलट जेटचं अर्ध्या मिलिमीटरचं, कधी त्याहून बारीक. ज्यांच्या घरी पूर्वी रॉकेलचा स्टोव्ह होता त्यांना हे चटकन कळेल : जेट म्हणजे स्टोव्हचा निपलच, आणि तो तसाच तुंबतो.

तुंबतो कशाने? पहिलं कारण पेट्रोल स्वतः. ते अनेक घटकांचं मिश्रण आहे. वाटीला बाहेरच्या हवेची वाट उघडी असते, त्यामुळे हलके घटक आधी उडून जातात. उरलेले जड घटक हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावत चिकट होत जातात, आणि पितळेतलं तांबं या क्रियेला आणखी वेग देतं. जेट पितळेचे असतात. दोन-स्ट्रोक इंजिनाच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलेलं असतं, ते तर उडत नाहीच. दोन महिन्यांनी वाटीच्या तळाशी मधासारखा, पुढे वॉर्निशसारखा कडक थर बसतो. त्याचा वास ओळखीचा असतो. ताज्या पेट्रोलची झणक जाऊन जुन्या रंगाच्या डब्याचा आंबूस वास येतो. वाटी उघडण्याआधी ड्रेन स्क्रू सैल करून एक थेंब कापडावर घेतला तरी नाकाला कळतं.

दुसरं कारण इथेनॉल, आणि त्यावर जरा थांबायला हवं. २०२२ च्या जूनमध्ये देशातल्या पेट्रोलात १० टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट गाठलं गेलं, २०२३ च्या फेब्रुवारीत २० टक्क्यांचं पेट्रोल पंपांवर यायला लागलं, आणि आता ते सर्वदूर झालं आहे. इथेनॉल आपल्याच उसातून आणि धान्यातून येतं, शेतकऱ्याला त्याचा आधार आहे, तेल आयात कमी होते. त्या धोरणाशी या पुस्तिकेचं भांडण नाही. पण होडीवाल्याने त्याचा परिणाम समजून घ्यायला हवा. आऊटबोर्डच्या बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या माहितीपुस्तकांत १० टक्क्यांपर्यंतच्या इथेनॉललाच परवानगी आहे. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, आणि कोकणातल्या पावसाळी हवेला ओल कमी नाही. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन पेट्रोलपासून वेगळं होतं आणि तळाशी बसतं. इथेनॉलचं प्रमाण जास्त असेल तर ते जास्त पाणी सामावून घेतं, त्यामुळे हा फुटीचा प्रकार उशिरा होतो. पण झाला की तळाचा थरही मोठा असतो. टाकीतली नळी तळातूनच ओढते. वरच्या पेट्रोलात ऑइल राहतं आणि इंजिनाला मिळतं ते ऑइलविना पाणीमिश्रित अल्कोहोल. कार्बोरेटरच्या वाटीत हाच थर ॲल्युमिनियमला खातो आणि पांढरी पावडर सोडतो. जुन्या इंजिनांतले रबरी भाग फुगतात किंवा भुसभुशीत होतात, आणि त्यांचे कण जेटमध्ये जातात.

तिसरं कारण मीठ. ते कार्बोरेटरच्या आत क्वचित जातं, बाहेरून खातं. स्क्रू धरतात, चोकची दांडी जाम होते, पितळेवर हिरवा गंज चढतो. हवेच्या बारीक वाटांच्या तोंडाशी मिठाचे कण बसले की मात्र आतलं मिश्रणही बिघडतं.

या सगळ्याचा परिणाम काय, हा या विषयाचा गाभा आहे आणि तो पुरेसा सांगितला जात नाही. चारचाकीचा जेट तुंबला तर गाडी झटके मारते, ओढत नाही. दोन-स्ट्रोक आऊटबोर्डचं तसं नाही. ऑइल पेट्रोलात मिसळून टाकायच्या इंजिनात पिस्टन, सिलेंडर आणि क्रँकच्या बेअरिंगांना वंगण पोचतं ते त्या पेट्रोलमधूनच. ५० भाग पेट्रोलला १ भाग ऑइल, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर, हे आजच्या बऱ्याच इंजिनांचं प्रमाण. मेन जेट अर्धा तुंबला की पेट्रोल कमी, हवा जास्त. मिश्रण जास्त तापून जळतं. आणि त्याच वेळी वंगणही निम्म्यावर येतं. गरमी वाढते तेव्हाच तेल कमी होतं. अशा इंजिनाला भर समुद्रात तासभर पूर्ण रेसवर चालवलं तर पिस्टन धरतो. दोन सिलेंडर आणि दोन कार्बोरेटर असतील तर आणखी फसगत होते, कारण एक सिलेंडर ठणठणीत चालत असतो, इंजिन थोडं कमी ओढतं एवढंच जाणवतं, आणि दुसऱ्यातला पिस्टन वाळत असतो. ‘चालतंय ना, मग चालू दे’ असं म्हणून पुढे नेलेल्या इंजिनांची अशी अवस्था होते. कमी ओढणारं इंजिन तपासल्याशिवाय बाहेर नेऊ नका, हे मला या प्रस्तावनेत कुठलीही भीड न ठेवता सांगायचं आहे.

पायलट जेट तुंबला तर पिस्टनला इतका धोका नसतो, धोका होडीला असतो. इंजिन चोक ओढूनच सुरू होतं, रेसवर बरं चालतं, आणि स्लो केलं की मरतं. आता देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथली तोंडावरची लाट डोळ्यांपुढे आणा. आत शिरताना तांडेल रेस कमी करून लाट मागून येऊ देतो, तिच्या पाठीवर बसतो आणि मग एकदम रेस देतो. स्लोला मरणारं इंजिन नेमकं त्याच क्षणी मरतं, होडी आडवी होते. बारीक छिद्रातल्या मळाची किंमत ही आहे.

मग हे काम मेकॅनिककडेच का देऊ नये? चांगला मेकॅनिक जवळ असेल तर जरूर द्या, आणि शेजारी बसून बघा. पण असे हात कमी होत चालले आहेत. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले तेव्हा नव्या दुचाकींमधून कार्बोरेटर जवळजवळ गेला आणि फ्युएल इंजेक्शन आलं. गावच्या गॅरेजमध्ये आज शिकणाऱ्या मुलाच्या हाताखालून कार्बोरेटर क्वचितच जातो. लहान आऊटबोर्डांत तो अजून आहे आणि ती इंजिनं वीस-वीस वर्षं वापरली जातात, म्हणजे कार्बोरेटर आपल्या किनाऱ्यावर आणखी बराच काळ राहणार आहे. ते ज्ञान ज्यांच्या पोटापाण्याचा भाग आहे त्यांच्या घरातच असलेलं बरं. घरातल्या मुलामुलींनाही हाताशी घ्या. नीडल व्हॉल्व्हची तार फ्लोटला अडकवायला लागते ती नजर आणि धीर, ताकद लागत नाही.

घरी करायचं म्हणजे घराच्या आत करायचं नाही. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते आणि ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरत जाते. पडवीत काम चाललं असेल आणि आत चूल, गॅस किंवा देवाजवळ निरांजन असेल तर ती वाफ उंबरा ओलांडायला वेळ लागत नाही. अंगणात, वाऱ्याला, सावलीत बसा. जवळ वाळूची बादली ठेवा. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतलं तर आग पाण्याबरोबर धावते. पहिल्यांदा स्पार्क प्लगची टोपी काढा आणि इंधनाची नळी सोडवा. डोळ्यांना चष्मा लावा. क्लीनरचा फवारा एका छिद्रात मारला की तो भलत्याच छिद्रातून सरळ डोळ्यात येतो. सांडलेलं पेट्रोल आणि धुण्याचं पाणी खाडीत, विहिरीजवळ किंवा माडाच्या आळ्यात टाकू नका. बाटलीत भरून जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या.

कार्बोरेटर उघडायच्या आधी तो खरंच दोषी आहे का ते बघा. हा भाग बहुतेक जण गाळतात आणि मग उगाच चांगला कार्बोरेटर उघडून बसतात. इंजिन सुरू होऊन पाच-दहा मिनिटांनी मरत असेल तर आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का ते बघा. तो बंद राहिला की टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल येईनासं होतं. रबरी फुगा दाबल्यावर कडक होतो का, नळीच्या जोडात हवा शिरते का, फिल्टरच्या काचेत पाण्याचा थेंब दिसतो का, प्लग काळा-ओला आहे की पांढरा-कोरडा, हे सगळं दहा मिनिटांत होतं. फ्युएल पंपाचा पातळ पडदा कडक झाला असेल तर जेट कितीही साफ करा, रेसवर इंजिन उपाशीच राहणार. प्लग ठीक, पेट्रोल ताजं, फुगा कडक, आणि तरीही वर सांगितलेली लक्षणं असतील तर मग कार्बोरेटरकडे वळा.

उघडण्याचं काम पुढच्या प्रकरणांत चित्रांसह आहे. इथे दोन-तीन जागांवर बोट ठेवतो. वाटीचे स्क्रू. जपानी इंजिनांवरचे फुलीच्या खाचेचे स्क्रू जपानी मापाचे असतात. बाजारातला साधा फिलिप्स पाना, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, त्यात पूर्ण बसत नाही, वर उचलला जातो आणि खाच गुळगुळीत करतो. मिठाने धरलेल्या स्क्रूवर असा पाना दोनदा फिरला की पुढे ड्रिल मारायची वेळ येते. योग्य मापाचा पाना एकदा विकत घ्या, स्क्रूवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल सोडा, आणि फिरवण्याआधी पान्याच्या डोक्यावर लाकडी मोगरीने हलका ठोका द्या. मेन जेटची खाच पितळेची, मऊ. त्यात बरोबर रुंदीचाच पाना बसला पाहिजे.

पायलट स्क्रू, म्हणजे संथ चालीचं मिश्रण कमीजास्त करणारा स्क्रू, काढण्याआधी तो हलक्या हाताने आत फिरवत किती फेऱ्यांत टेकतो ते मोजा आणि कागदावर लिहा. दीड फेरी, पावणेदोन, जे असेल ते. परत बसवताना तेवढाच बाहेर ठेवायचा. टेकल्यावर जोर लावला तर त्याच्या निमुळत्या टोकावर वळ उमटतो आणि मग संथ चाल कधीच लागत नाही. नीडल व्हॉल्व्हच्या रबरी टोकाकडेही उजेडात बघा : गोल खोलगट रेघ पडलेली असेल तर सुई गेली, ती बदलायचीच. तिच्यामुळेच कार्बोरेटर भरून वाहतो आणि इंजिनाखाली पेट्रोलचा तवंग दिसतो. फ्लोट कानाजवळ हलवा. आत खळखळ ऐकू आली तर तो फुटला आहे.

जेट साफ करताना एका सवयीविरुद्ध मला स्पष्ट बोलायचं आहे. आपल्याकडे स्टोव्हची पिन घरोघरी असायची आणि तिनेच जेट टोचायची पद्धत पडली. शिवणाची सुई, सेफ्टी पिन, क्लचच्या तारेचा तुकडा, सगळं वापरलं जातं. पोलाद पितळेपेक्षा कठीण. पिन आत गेली की छिद्र ओरखडतं, किंचित मोठं होतं, कडा वाकडी होते. जेट स्वच्छ दिसतो पण पूर्वीइतकं पेट्रोल सोडत नाही, कधी जास्त, कधी वेडंवाकडं. जेट क्लीनरमध्ये भिजत ठेवा, फवारा मारा, हवा मारा, पुन्हा भिजवा. फारच हट्टी मळ असेल तर नायलॉनचा बारीक केस किंवा मऊ तांब्याच्या वायरची एकच तार. मग जेट उजेडाकडे धरून बघा. छिद्र पूर्ण गोल दिसायला हवं. कडेला चंद्रकोरीसारखी सावली दिसली तर काम अर्धंच झालं आहे. ज्याच्याकडे अल्ट्रासॉनिक यंत्र असेल त्याचं काम सोपं होतं, पण ते नसल्याने काही अडत नाही.

लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये कार्बोरेटर उकळायचा सल्लाही फिरत असतो. पितळ त्याने चकाकतं हे खरं, पण बाहेरचं अंग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं आहे आणि आम्ल त्याला खातं. बारीक वाटांचा आतला पृष्ठभाग खडबडीत होतो आणि पुढच्या वेळी मळ तिथेच लवकर चिकटतो. रॉकेलने तेलकटपणा जातो, वॉर्निश जात नाही. थिनरने वॉर्निश जातं, पण रबर फुगतं, म्हणून फवारा मारण्याआधी फ्लोट, सुई, गॅस्केट आणि ओ-रिंग बाजूला काढायचे. गॅस्केट फाटलं तर त्याजागी सिलिकॉन लावू नका. पेट्रोलमध्ये ते सुटतं, तुकड्यातुकड्याने जेटमध्ये येतं, आणि महिन्याभरात तुम्ही पुन्हा त्याच जागी.

काम झालं की चाचणी पाण्यातच. इंजिन पिंपात उभं करा, पाणी पंख्यावरच्या आडव्या पट्टीच्या वर असू द्या. कोरडं चालवलं तर पाण्याच्या पंपाचं रबरी पातं काही वेळातच जळतं आणि मग नवीन दुखणं सुरू होतं. मागून पाण्याची धार पडतेय ना ते आधी बघा, मग स्लो लावा, तीही इंजिन गरम झाल्यावर. पिंपात पूर्ण रेस देऊ नका. ती परीक्षा होडीवर, किनाऱ्याजवळ, वल्हं सोबत घेऊन.

साठवणीबद्दल दोन मतं आहेत. काही जण म्हणतात वाटी पेट्रोलने भरलेली ठेवावी आणि पेट्रोल टिकवणारं रसायन त्यात टाकावं, म्हणजे गॅस्केट सुकत नाहीत. थंड, कोरड्या हवेच्या देशांत ते चालत असेल. आपल्या पावसाळ्यात, इथेनॉलच्या पेट्रोलवर, मी रिकामं करण्याच्याच बाजूचा आहे. शेवटच्या फेरीनंतर गोड्या पाण्याच्या पिंपात इंजिन चालवा, इंधनाची नळी काढा आणि ते आपोआप थांबेपर्यंत चालू द्या. एवढ्याने वाटी रिकामी झाली असं समजू नका. जेटच्या पातळीखाली थोडं पेट्रोल राहतंच, आणि घाण करतं ते तेच. म्हणून ड्रेन स्क्रू काढून शेवटचा थेंब बाहेर काढायचा. टाकीतलं उरलेलं पेट्रोल स्कूटरला वापरायचं नाही, त्यात ऑइल आहे. गावाच्या पूरबोटीचं इंजिन महिन्यातून एकदा पिंपात दहा मिनिटं चालवा आणि दर वेळी असंच रिकामं करून ठेवा. पेट्रोलचा कॅन ताजा भरत राहण्याची जबाबदारी एका माणसाच्या नावावर लिहा.

या पुस्तिकेच्या मर्यादाही सांगायला हव्यात. थ्रॉटलच्या चकतीचे स्क्रू काढू नका; ते ठोकून बसवलेले असतात आणि एखादा सुटला तर थेट इंजिनात जातो. कार्बोरेटरच्या अंगाला बुजवलेल्या धातूच्या लहान टिकल्या उचकटू नका. वाटीच्या आत पांढऱ्या पावडरीखाली खड्डे पडलेले दिसले तर साफसफाई संपली, नवीन कार्बोरेटर घ्यायचा. फ्युएल इंजेक्शनच्या इंजिनाला यातलं फारसं काही लागू नाही. आणि पिस्टन धरल्याची शंका असेल, दोरी जड ओढत असेल किंवा कॉम्प्रेशन गेलेलं वाटत असेल, तर कार्बोरेटरवर वेळ घालवू नका. ते काम जाणत्या मेकॅनिकचंच आहे.

प्रत्येक इंजिनाची फ्लोटची उंची, जेटचे नंबर आणि पायलट स्क्रूच्या फेऱ्या वेगळ्या असतात. पुढच्या पानांतले आकडे उदाहरणादाखल आहेत, ते तुमच्या इंजिनावर तसेच लावू नका. पाना हातात घेण्याआधी होडीच्या फळीला अडकणाऱ्या ब्रॅकेटवरच्या पट्टीवरून मॉडेल आणि अनुक्रमांक वहीत उतरवून घ्या, त्या मॉडेलच्या माहितीपुस्तकातले आकडे शेजारी लिहा, आणि मगच पहिल्या प्रकरणाला सुरुवात करा.